माणशी दहा किलो

“नऊ खुर्च्या,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी करंगळी दुमडली. “भरल्या तरी सरकार पैसे देणार, रिकाम्या उडाल्या तरी देणार. तीन वर्षं. आलं ध्यानात?”

“आलं.”

“धावपट्टीच्या कडंची आपली चाळीस एकर.” अनामिका दुमडली. “आज तिथं कुत्रं फिरकत नाही. करार झाला की प्लॉट, बंगले, हॉटेल. तिसरं, संग्रामचं तिकीट. विधानसभेचं म्हणतोय मी, विमानाचं नव्हं.” मधलं बोट गेलं. “आणि चौथा तू.”

“मी?”

“तू स्टेशन मॅनेजर. बावीस हजार पगार, टेबल, टेबलावर घंटी. फक्त आज मंत्रीसाहेब विमानात बसून दिवसाउजेडी मुंबईला उतरले पाहिजेत. संध्याकाळी सहा वाजता करारावर सही. उद्याचं कुणी बघितलंय?”

चार बोटं मुठीत गेली, अंगठा तेवढा बाहेर राहिला. तो आप्पा पुढे सगळ्यांनाच दाखवणार होते.

हे बोलणं सकाळी साडेसहाला बोरीपेठच्या धावपट्टीवर चाललं होतं. मे महिना होता. कुठल्याशा जुन्या सरकारनं कुठल्याशा जुन्या मंत्र्यासाठी बांधलेली ही अकराशे मीटरची पट्टी. मंत्री एकदा उतरला, परत आला नाही. मग पंचवीस वर्षं गावानं तिच्यावर मिरच्या वाळवल्या आणि पोरींना स्कूटी शिकवल्या. आप्पांना मात्र तिथं विमान दिसलं.

आप्पा म्हणजे हणमंतराव काळुखे. आईच्या नावानं त्यांच्या सोनाक्का ट्रॅव्हल्सच्या चाळीस बसगाड्या पुण्या-मुंबईला धावत. बसचा धंदा त्यांना तळहातासारखा माहीत होता आणि विमान ही त्यांच्या मते पंख लावलेली बस होती. पहिल्याच दिवशी त्यांनी कॅप्टनना विचारलं होतं, “मधल्या वाटेत चार स्टुलं बसतील का?”

भांडवल गावानं दिलं. दहा हजारांचा एक भाग. डॉक्टर, मास्तर, सराफ, अडते, मिळून तेवीसशे भागधारक. पैसे सुटतील अशी आशा फार थोड्यांना होती. बाकीच्यांना मान पाहिजे होता. त्या वर्षीच्या लग्नपत्रिका कुणी जपून ठेवल्या असतील तर बघा, निमंत्रकाच्या नावाखाली छापलेलं सापडेल: ‘भागधारक, सोनाक्का एअरवेज’. आमच्या वॉर्डातल्या एका गृहस्थानं तर वडिलांच्या तेराव्याच्या पत्रिकेत तसं छापलं. म्हातारा जन्मात एसटीशिवाय कशात बसला नव्हता.

आणि मी मिटकरी. बाजार समितीतला परवानाधारक मापाडी. अठरा वर्षं मी तूर, सोयाबीन, हरभरा तोलला. पोतं हमालाच्या पाठीवर असतानाच मला त्याचं वजन कळायचं, किलोभराचा फरक पडला तर पडला. हे आप्पांच्या कानावर गेलं होतं. छोट्या विमानाला म्हणे माणूस न् माणूस, पिशवी न् पिशवी तोलून घ्यावी लागते. त्यांनी मला बोलावलं. “पोत्याऐवजी माणसं,” म्हणाले, “बाकी काम तेच.”

काम तेच नव्हतं. पोतं गप्प बसतं. पहिल्या आठवड्यात सराफाच्या बायकोला मी काट्यावर उभं राहायला सांगितलं, तर बाई कडाडल्या, “मला काय ज्वारीचं पोतं समजलास?” मागून शांत आवाज आला, “काकू, पोत्याला विमानात बसायचं नसतं. तुम्हाला बसायचंय ना?”

त्या कॅप्टन सबनीस. वृंदा सबनीस, नागपूरच्या. अकरा वर्षं विमान चालवत होत्या. त्यांची मोठी कंपनी बुडाली आणि त्या आमच्याकडे आल्या. दुसऱ्या एका मोठ्या कंपनीनं त्यांना घ्यायचं कबूल केलं होतं, पण मुख्य वैमानिक म्हणून ठरावीक तास भरायला हवे होते. ते तास भरायला बोरीपेठ. कंपनीचं पत्र त्या पर्समध्ये घेऊन फिरत. दर आठवड्याला मला आकडा सांगत, “मिटकरी, एकशे ऐंशी उरले.” “मिटकरी, नव्वद.” त्या दिवशी चाळीस उरले होते.

मापाडी मोजायला लागला की ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन. पहिला प्रवासी काट्यावर आला की माझ्या तोंडून ‘लाभ’च निघायचं. मॅडमना ते फार आवडलं. पुढं पुढं त्या खिडकीतून ओरडून विचारत, “मिटकरी, लाभ आला का?” आणि मी वजनाचा कागद, ज्याला त्या लोडशीट म्हणत, त्यांच्या हातात दिला की त्या दुसऱ्यांदा बघत नसत. पाच महिन्यांत एकदाही बघितलं नाही.

त्यांनीच मला समजावलं होतं, हवा तापली की पातळ होते, पंखांना धरायला काही मिळत नाही. सकाळी आठला आमचं विमान या आखूड पट्टीवरून माणसं-सामान मिळून आठशे वीस किलो उचलायचं. दुपारी एकला तेच विमान सहाशे दहाच्या वर नको म्हणायचं. “जनावरासारखंच आहे हो,” त्या म्हणाल्या होत्या, “उन्हात कमी ओढतं.”

म्हणून उड्डाण आठला ठरलं होतं. पण आठला मंत्री उठले.

साडेनऊला सत्कार सुरू झाला. हारतुरे, शाल, फेटा, ब्राँझचा अश्वारूढ पुतळा आणि शेवटी गूळतुला. बाजार समितीचा जुना तराजू, माणूस आडवा मावेल एवढी पारडी, झेंडूच्या माळा. तोलायला अर्थात मी. मंत्रिमहोदय हसत हसत एका पारड्यात मांडी घालून बसले, समोर मी दहा-दहा किलोंच्या ढेपा रचत गेलो. दहा ढेपा झाल्या, वर चार किलो खडे टाकले आणि काटा सरळ झाला.

“एकशे चार,” मी निवेदकाला सांगितलं.

शेजारी उभे असलेले आप्पा ओठ न हलवता पुटपुटले, “गावाची अब्रू घालवतोस का?”

निवेदकानं माईक तोंडाला लावला. “एकशे एकवीस किलो गूळ! टाळ्या!”

टाळ्या पडल्या. मंत्र्यांनी पोटावरून हात फिरवला. तो सगळा गूळ मागासवर्गीय वसतिगृहाला जाहीर झाला. तिथं सात ढेपा पोचल्या असं तिथल्या आचाऱ्यानं मला नंतर सांगितलं. ते असो.

भाषणं बारा वाजेपर्यंत चालली. संग्राम, म्हणजे आप्पांचा मुलगा, पंचेचाळीस मिनिटं बोलला. त्यात विमान सव्वीस वेळा उडालं. खरं विमान तिकडं पट्टीवर तापत होतं.

मी जीपमधून पुढं गेलो. मॅडम पंखाच्या सावलीत उभ्या होत्या, गळ्यात ओला टॉवेल. शेजारी सहवैमानिक डिसूझा. त्याला मराठी येत नव्हतं, त्यामुळे आमच्या कंपनीत तोच एक सुखी होता.

“मिटकरी, पारा बघा. बेचाळीस. मी संग्रामना फोन करून थकले. आता चारच जणांना नेता येईल, सामान थोडं. नाहीतर साडेपाचला निघू, ऊन उतरल्यावर.”

“साडेपाचला निघून सहाची सही कशी होणार, मॅडम?”

“सही उद्या होईल. साहेब पळून जाणार आहेत का?”

साहेब पळून जाणारे नव्हते, पण आप्पांचं विमान जाणारं होतं. ते भाड्याचं होतं आणि तीन महिन्यांचं भाडं थकलं होतं. त्या दिवशी करार झाला नाही तर दुसऱ्या दिवशी, एक तारखेला, मालक येऊन घेऊन जाणार होता. हे मॅडमनाही माहीत होतं. विमान गेलं तर त्यांचे चाळीस तास चाळीसच राहणार होते. त्या म्हणाल्या, “सहाशे दहा. माणसं आणि सामान मिळून. त्याच्या वर एक किलो नको. तुम्ही तोलाल, मी निघेन.”

पाऊण वाजता ताफा आला. गाड्यांतून उतरले ते सात. मंत्री, त्यांचे पीए, अंगरक्षक, जिल्ह्याच्या बँकेचे अध्यक्ष, एक रस्त्यांचे कंत्राटदार, आप्पा आणि संग्राम. मागून बसचे दोन क्लीनर एक टेम्पो घेऊन आले. हलगीवाले वाजवत होते.

माझा काटा दाराशीच मांडलेला होता. पीए त्याच्याकडे बघून म्हणाले, “हे काय? साहेबांना यावर उभं करणार?”

मॅडम पुढं झाल्या. “सर, नियम आहे. दोन मिनिटांचं काम.”

मंत्री हसले. “बाई, नियम आम्ही करतो. आणि मला जनतेनं सकाळीच तोललंय. एकदा तोललेला माणूस परत कुठं तोलतात?”

सगळे हसले. आप्पांनी मधे तोंड घातलं. “मॅडमबाई, आमच्या मिटकरीनं स्वतःच्या हातानं तोललंय साहेबांना. विचारा की.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “हो का, मिटकरी?”

“हो मॅडम. सकाळी तोललंय.”

हे खरं होतं. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेलं हे शेवटचं खरं.

“मग बाकीच्यांचं घ्या,” त्या म्हणाल्या. “मी इंजिन बघते.”

बाकीचेही काट्यावर आले नाहीत. साहेब चढले नाहीत, तर अध्यक्ष कसे चढतील आणि अध्यक्ष चढले नाहीत तर कंत्राटदारानं स्वतःला कमी का समजावं? अंगरक्षकसुद्धा काट्याला वळसा घालून गेला. मला त्याची गरजही नव्हती. सात माणसं माझ्यासमोरून चालत गेली आणि सात आकडे डोक्यात पडले. एकशे चार, सत्तर, अठ्ठ्याऐंशी, शहाण्णव, नव्याण्णव, एक्याण्णव, ब्याऐंशी. सहाशे तीस. नुसती माणसंच वीस किलोनं जास्त.

पत्र्याच्या शेडमागं आप्पांनी मला गाठलं. “झालं लिहून?”

“आप्पा, बसत नाही. तुम्ही आणि संग्रामभाऊ उतरा. पाच जणांचं बघतो.”

“मी उतरू? माझ्या विमानातनं? फोटोत कोण दिसणार, तुझा बा?” मग आवाज मऊ केला. “आरं मिटकऱ्या, मार्केटात अठरा वर्षं काय केलंस? पोत्यामागं दोन किलो कडता धरत होतास का नव्हतास?”

धरत होतो. कडता म्हणजे कापायचं वजन. बारदानाचं, मातीचं, ओलीचं म्हणून शेतकऱ्याच्या मालातून दोन किलो उडवायचे. कायद्यानं बंदी होती, तरी धरायचो. अडते सांगायचे, मी लिहायचो, शेतकरी बघत राहायचा.

“तो मालाचा कडता होता, आप्पा. वजन कागदावर कमी व्हायचं, पोत्यात नाही. इथं विमानाला पोतं उचलायचंय.”

“विमान काय कागद वाचून उडतंय? दहा धर. माणशी दहा किलो. चपला, कपडे, पोटातलं जेवण, सगळं कडत्यात. माझ्या गाड्या चाळीस वर्षं दीडपट भरून घाट चढल्या, एक मागं सरकली का?”

“ही गाडी नाही.”

“म्हणून तर बावीस हजार देतोय. नाहीतर जा उद्यापास्नं परत मार्केटात, हरभरा तोलायला.” खांद्यावर हात ठेवून ते पुढं म्हणाले, “ती बाई उगंच भिते रे. थोडं इकडं तिकडं धरूनच नियम केलेले असतात. तुला-मला कळतं ते.”

माझं वय तेव्हा बेचाळीस. अठरा वर्षांत मला कुणी ‘तुला-मला’ म्हणालं नव्हतं.

मी लिहिलं. सहाशे तिसाचे पाचशे साठ केले. मंत्र्यांचे चौऱ्याण्णव लिहिले. राहिले पन्नास, ते सामानाच्या रकान्यात टाकले. बेरीज सहाशे दहा. खाली सही केली. सही करताना डोळ्याच्या कोपऱ्यातून क्लीनर टेम्पोतून काहीतरी उतरवून विमानाच्या पोटाखालच्या कप्प्यात सरकवताना दिसत होते. मी तिकडं मान वळवली नाही. बघितलं असतं तर तोललं गेलं असतं. माझ्या डोळ्यांना ती खोड होती.

मॅडम खुर्चीत बसल्या होत्या. खिडकीतून मी कागद दिला. या वेळी त्यांनी तो वाचला.

“सहाशे दहा? बरोब्बर?”

“बरोब्बर.”

“मिटकरी, इतकं बरोब्बर कधी येत नाही.”

मागं हलगी वाजत होती. संग्राम दारात उभा राहून हात हलवत होता, फोटोवाला त्याला “अजून एक” म्हणत होता.

मी म्हणालो, “पाच महिन्यांत माझा काटा कधी चुकलाय, मॅडम?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मागं वळून त्या सात जणांकडे बघितलं. मग पुन्हा कागदाकडे.

“नाही चुकला,” त्या म्हणाल्या. “तुमची सही आहे म्हणून निघते.”

विमान पट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, थरथरत उभं राहिलं आणि सुटलं. मी पट्टीच्या कडेचे दगड मोजत होतो, दर शंभर मीटरला एक चुना लावलेला दगड. रोज सहाव्या-सातव्या दगडाला चाकं सुटायची. सातवा गेला. आठवा गेला. नाक जरासं वर झालं आणि पुन्हा खाली आलं, दमलेल्या बैलानं मान टाकावी तसं. गाव टाळ्या वाजवत होतं. नवव्या दगडाला इंजिनाचा आवाज एकदम पडला. मॅडमनी उडायचा नाद सोडला होता. चाकांतून धूर निघाला, दहावा, अकरावा, पट्टी संपली. विमान करडईच्या खोडक्यांत घुसलं, धूळ उडवत बांधाकडं गेलं. समोर विहीर होती. अगदी शेवटी ते डावीकडे फिरलं आणि वैमानिकाच्या बाजूनं बांधावर आदळलं.

सातही जण आपल्या पायांनी बाहेर आले. मंत्र्यांच्या नाकातून रक्त येत होतं. त्यांचं पहिलं वाक्य मी स्वतः ऐकलं. “फोटो काढू देऊ नका.” आप्पांचा फेटा तसाच होता. डिसूझाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. मॅडमना काढायला पाऊण तास लागला. डावा पाय घोट्यापाशी पत्र्यात अडकला होता. काढताना त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी मला एकदाच विचारलं, “सगळे उतरले?”

“उतरले, मॅडम.”

“किती?”

“सात.”

“बरं,” म्हणाल्या आणि डोळे मिटले.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात आप्पा वार्ताहरांशी बोलत होते. “बाईमाणूस आहे. घाबरली ऐनवेळी. विमान उचलतच होतं की, आपण सगळ्यांनी बघितलं.” सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांनी बघितलं होतंच. दुसऱ्या दिवशी मथळा आला, ‘वैमानिक महिलेच्या चुकीतून मंत्री बालंबाल बचावले’. त्याच पानावर खालच्या बाजूला, ‘बोरीपेठ येथे मंत्रिमहोदयांची १२१ किलो गूळतुला’. महिन्याभरानं चौकशी झाली तेव्हा माझा कागद टेबलावर होता, त्यात तेच मंत्री त्याच दिवशी चौऱ्याण्णव किलोंचे होते. साऱ्या जिल्ह्यात ही दोन कात्रणं शेजारी ठेवायची बुद्धी एकालाही झाली नाही. ज्यांना झाली असेल ते भागधारक होते.

चौकशी विश्रामगृहात झाली. मुंबईहून आलेले अधिकारी, समोर पाण्याचा तांब्या. मॅडम चाकाच्या खुर्चीत, पाय प्लास्टरमध्ये. मी त्याच आठवड्यात मिळालेल्या नव्या टेबलावरून उठून आलो होतो. घंटी मिळाली होती.

“लोडशीटवर सही तुमची?”

“हो साहेब.”

“प्रत्येकाचं वजन प्रत्यक्ष केलं होतं?”

मी मॅडमकडे बघितलं नाही. आप्पांकडेही बघितलं नाही. तांब्याकडे बघितलं.

“केलं होतं, साहेब.”

“आणि सामान?”

“पन्नास किलो. तोलून.”

अधिकाऱ्यांनी मॅडमना विचारलं, त्यांना काही सांगायचंय का. “मी यांना विचारलं होतं,” त्या म्हणाल्या, “की आकडा इतका बरोब्बर कसा.”

“मग?”

“मग मी निघाले.”

एवढंच. माझं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं, निदान तेव्हा तरी रागावता आलं असतं.

अहवाल आला: वजन मर्यादेत होतं, वैमानिकानं तापमान व धावपट्टीचा अंदाज चुकवला. परवाना तीन वर्षं रद्द. ज्या कंपनीनं त्यांना घ्यायचं कबूल केलं होतं, तिनं दोन ओळींचं पत्र पाठवलं.

या गोष्टीला बारा वर्षं झाली. खरा आकडा मला आजवर कुणी विचारला नाही, तेव्हा न विचारता सांगतो. पोटाखालच्या कप्प्यात केशर आंब्याच्या बारा पेट्या होत्या, प्रत्येकी दहा किलो. मंत्र्यांच्या मुंबईतल्या मित्रांसाठी आप्पांची भेट. पुतळा बेचाळीस किलोंचा. बॅगा मिळून चोवीस. एकशे शहाऐंशी. मी हे तोललं नव्हतं, पण रात्री क्लीनर पेट्या परत काढत होते तेव्हा मी तिथं उभा होतो आणि डोळ्यांनी त्यांचं काम केलंच. सहाशे तीस अधिक एकशे शहाऐंशी, आठशे सोळा. मर्यादेच्या दोन क्विंटल सहा किलो वर. बाजारच्या भाषेत दोन पोती. दुसऱ्या दिवशी तपासणीचे लोक आले तेव्हा कप्पा रिकामा होता. पुतळा बंगल्यावर पोचला होता आणि आंबे आप्पांनी सढळ हातानं गल्लोगल्ली वाटले होते. पुरावा बोरीपेठेनं आमरस करून खाल्ला. आमच्या घरीही आला होता, दीड डझन.

आणि हेही सांगून टाकतो. आठशे सोळा. सकाळी आठला निघाले असते, तर विमान आंब्यांसकट, पुतळ्यासकट, कडत्याशिवाय उडालं असतं. चार किलो शिल्लक राहिले असते.

आता कुणी काय भरलं ते. आप्पांचं विमान मोडलं, पण ते मुळात आप्पांचं नव्हतं. त्याचा विमा मालकाला मिळाला. चाळीस एकर त्यांनी सोलरवाल्या कंपनीला विकली, प्लॉट पाडून आले असते त्याहून दीडपटीनं. संग्रामला तिकीट मिळालं, तो पडला, आता जिल्ह्याच्या त्याच बँकेचा अध्यक्ष आहे. मंत्र्यांचा नाकाला पट्टी लावलेला फोटो गाजला, पुढच्या फेरबदलात खातं मोठं मिळालं. तेवीसशे भागधारकांचे दहा-दहा हजार गेले, त्यांनी लग्नपत्रिकेतली ओळ काढून टाकली आणि विषय मिटवला. मी स्टेशन मॅनेजर राहिलो बावीस दिवस. मग कंपनीला कुलूप लागलं. त्या बावीस दिवसांचे सोळा हजार एकशे तेहेतीस रुपये अजून यायचे आहेत, येणार नाहीत. मी पुन्हा मार्केटात आहे, हरभरा तोलतो.

राहिल्या मॅडम. अकरा वर्षांची मेहनत, चाळीस तासांवर आलेलं मोठ्या कंपनीचं विमान आणि डावा घोटा, जो पुन्हा वाकला नाही. मागच्या दिवाळीत आप्पांच्या पंचाहत्तरीला ते सातही जण एका मंचावर होते, खाऊनपिऊन धडधाकट, एकमेकांना पेढे भरवत. एकाचाही एक पैसा गेला नव्हता. त्या सातांचं सगळं भाडं त्या एकटीनं भरलं.